धडा कोणी लिहायचा?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पारितोषिक वितरणाच्या दिवशी पाहुण्याने थोडक्यात आटोपावे, हा संकेत मला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षे मी खाडीकाठच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवले, आणि त्या एकोणतीस वर्षांत मुलांबरोबर मांडवात बसून पाहुण्यांची भाषणे ऐकता ऐकता घड्याळाकडे पाहण्याचे पाप माझ्याही हातून घडलेले आहे. तरीसुद्धा आज मी थोडा वेळ घेणार आहे. अध्यक्षसाहेबांनी मला विषय दिला तो 'इंटरनेट आणि विद्यार्थी' असा. या विषयावर जे नेहमी बोलले जाते ते मला बोलायचे नाही. मोबाइलने मुले बिघडतात, हे आपण घरी रोज बोलतोच. त्यासाठी मांडव घालून पाहुणा बोलावण्याची गरज नाही.

मी एका पालकांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आखातात नोकरी करणारे हे गृहस्थ सुटीवर आले होते. मुलगी दहावीला. मला भेटायला घरी आले, खजुराचा डबा पुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, चांगल्या नोट्स कुठे मिळतील तेवढे सांगा. पैसे किती लागतील त्याची फिकीर नाही." माणूस तळमळीचा होता. स्वतः नववीत शाळा सोडलेली. उन्हातान्हात राबून मिळवलेला पैसा मुलीच्या शिक्षणावर लावायला तयार. मी त्यांना नाव सांगितले असते तर त्यांनी त्याच दिवशी मुंबईहून नोट्स मागवल्या असत्या. मी म्हणालो, "नोट्स तुमच्या घरातच आहेत. मुलीने लिहिल्या तर." ते हसले. त्यांना वाटले, सर थट्टा करीत आहेत.

थट्टा नव्हती. त्या उत्तरामागे आमच्या शाळेतली काही वर्षांची खटपट होती. तीच मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे, तिच्यातल्या फजितीसकट.

२०२० सालचा मार्च महिना तुम्ही विसरला नसाल. शाळा बंद झाल्या. मग फोनवरून शिक्षण सुरू झाले. घरात फोन एक आणि मुले तीन. आम्ही शिक्षकही काय करीत होतो? आज एक पीडीएफ, उद्या दुसरी, परवा कोणाचा तरी व्हिडिओ. पाठवले की आमचे काम संपले आणि 'सेव्ह' केले की मुलांचे. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी नववीच्या वर्गाला विचारले, "त्या सगळ्यातले काय काय वाचले?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, फोन भरला म्हणून सगळे काढून टाकले."

मला त्या दिवशी वाटले की आपण मुलांना पाणी द्यायला गेलो आणि पखाल अंगावर ओतून आलो. साहित्य कमी नव्हते, उलट नको इतके होते. पण त्यातले एक अक्षरही मुलांचे स्वतःचे नव्हते.

आता थोडे दूर जाऊ. फ्रान्सच्या दक्षिणेला बार-सुर-लू नावाचे एक खेडे आहे. तेथे पहिल्या महायुद्धानंतर सेलेस्तँ फ्रेने नावाचा तरुण शिक्षक रुजू झाला. युद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती. वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्याला जमत नसे. जो शिक्षक बोलू शकत नाही त्याने शिकवायचे कसे? १९२४ च्या सुमारास त्याने एक छोटे छपाईयंत्र वर्गात आणून ठेवले. मुले गावात हिंडत, विणकराकडे, सुताराकडे जात, पाहिलेले लिहीत, वर्गात एकमेकांचे लिखाण दुरुस्त करीत आणि मग स्वतः खिळे जुळवून ते छापीत. तीच पाने त्यांचे वाचनाचे पुस्तक. पुढे ही पाने दूरच्या शाळेला टपालाने जाऊ लागली आणि तिकडची पाने इकडे येऊ लागली. परक्या गावातले मूल आपले वाचणार आहे म्हटल्यावर मुले आपणहून शुद्धलेखन तपासू लागली.

हे मी अशासाठी सांगतो की मुलांनी आपले अभ्याससाहित्य आपण तयार करणे ही काही संगणकाने आणलेली टूम नाही. संगणकाने फक्त खिळे जुळवण्याचे कष्ट वाचवले. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अशी एक सोय काढली की एकच पान अनेकांना उघडता यावे आणि कोणालाही दुरुस्त करता यावे. त्याने तिला 'विकी' म्हटले. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. त्याच तत्त्वावर २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया. तारीख महाराष्ट्र दिनाची आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

पालकांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर विकी म्हणजे साऱ्या वर्गाची मिळून एक वही. कोणी काय लिहिले, कधी लिहिले, कोणी काय खोडले, हे सगळे तिच्यात नोंदले जाते. खोडरबर आहे, पण खोडलेलेही दिसते. अशी वही चालवायला मोठा खर्च लागत नाही. आमच्या शाळेच्या संगणक कक्षातील एका जुन्या यंत्रावर आम्ही ती बसवली. कक्षातील बाकीची यंत्रे तारेने त्याला जोडली. बाहेरचे इंटरनेट असो वा नसो, पावसाळ्यात आमच्याकडे ते नसतेच म्हणा, वर्गाचे काम अडत नसे. तयार झालेली पाने नंतर शाळेच्या संकेतस्थळावर चढवली जात.

आता भरतीचे पान.

नववीच्या चार मुलांनी 'भरती-ओहोटी' हा धडा लिहायला घेतला. पुस्तकातून वाचून त्यांनी लिहिले : दिवसातून दोनदा भरती येते, म्हणजे दर बारा तासांनी भरती येते. मी वाचले आणि खाली 'तपासले' असा शेरा मारला. माझे नाव, तारीख, वेळ, सगळे वहीने नोंदवून ठेवले. आजही ते तेथे आहे.

दोन दिवसांनी पानाच्या खाली चर्चेच्या जागेत एका मुलाने लिहिले : "हे चूक आहे. भरती बरोबर बारा तासांनी येत असती तर आमच्या दादांची होडी रोज एकाच वेळी बाहेर पडली असती." या मुलाचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, आयुष्यभर मासेमारी केलेले. मुलगा वर्गात सहसा तोंड उघडत नसे. विज्ञानात त्याला कसेबसे पास होण्यापुरते गुण पडत. तोंडी विचारले असते तर सरांसमोर 'चूक आहे' हे शब्द त्याच्या तोंडून निघालेच नसते. लिहायला जागा मिळाली म्हणून त्याने लिहिले.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? खरे सांगतो, राग आला. पण शेरा माझाच होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. गप्प बसायची सोय नव्हती. मी म्हणालो, "ठीक आहे. मोजू या." धक्क्याच्या पायऱ्यांवर खुणा केल्या. पंधरा दिवस मुलांनी पाळ्या लावून दिवसाच्या भरतीची वेळ टिपली. ती रोज पुढे सरकत होती. कधी चाळीस मिनिटे, कधी तासाहून थोडे अधिक, सरासरी पन्नासच्या आसपास. म्हणजे दोन भरत्यांमधले अंतर १२ तास नव्हे, सुमारे १२ तास २५ मिनिटे. असे का, याचा शोध मुलांनी लावला तो पुस्तकांतून. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीपर्यंत चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे गेलेला असतो; त्याला पुन्हा समोर आणायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे फिरावे लागते. हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पण त्याचा आणि धक्क्यावरच्या पाण्याचा संबंध मीही त्या दिवशी शेरा मारताना जोडला नव्हता.

येथे गोष्ट संपली नाही. दादांना मुलांनी वर्गात बोलावले. त्यांनी किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता. मुलांनी लगेच वहीत लिहिले आणि लगेच भांडण जुंपले. एका मुलीने विचारले, पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, आणि आपण मोजली ती ५०, मग हिशेब बरोबर कसा? दुसऱ्याने विचारले, तिथी म्हणजे हिंदू पंचांगाची धरायची की आपल्या चांदाची तारीख धरायची? फार चांगला प्रश्न होता तो. आपला महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो आणि कोर अमावास्येनंतर लगेच दिसत नाही. त्यामुळे तिथी आणि चांदाची तारीख यांत एक-दोन दिवसांचे अंतर पडते. चांदाची तारीख धरून हिशेब केला तर भरती तासा-दीड तासाने चुकते. दादा हसून म्हणाले, "आम्ही चांद बघून रोजे धरतो आणि तिथी बघून होडी घालतो." मुलांनी पानावर शेवटी लिहिले ते असे : हा हिशेब अंदाजाचा आहे, घाईच्या वेळी उपयोगी, होडी घालायची असेल तर बंदराचा भरतीचा तक्ता पाहावा.

मंडळी, चौदा वर्षांच्या मुलाने 'हा हिशेब अंदाजाचा आहे' असे लिहावे, याला मी विज्ञान म्हणतो. कोणत्याही विकतच्या नोट्समध्ये हे वाक्य नसते. त्यात सगळे ठाम असते.

दुसरे पान शब्दांचे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ही अडचण आहे. मूल चौथीपर्यंत उर्दू शाळेत, पुढे मराठी हायस्कुलात आणि अकरावीला विज्ञान इंग्रजीतून. बालभारती आठ भाषांतून पाठ्यपुस्तके काढते, उर्दूतूनही काढते, ही मोठीच सोय आहे. पण मूल एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारते तेव्हा मधला पूल कोणी बांधायचा? हुशार मूल या उडीत पडते आणि घरचे म्हणतात, त्याला विज्ञान झेपले नाही. माझा अनुभव असा की विज्ञान झेपलेले असते, शब्द झेपलेले नसतात.

मुलींच्या एका गटाने त्रिभाषी शब्दसूची करायला घेतली. त्रिकोण, मुसल्लस, ट्रँगल. कोन, जाविया, अँगल. वस्तुमान, कमियत, मास. गुरुत्वाकर्षण, कशिश-ए-सिक्ल, ग्रॅव्हिटेशन. प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य आणि जमल्यास एक आकृती. काही दिवसांनी एक मुलगी धावत शिक्षक खोलीत आली. प्रकाशसंश्लेषणाला उर्दूत जियाई तालीफ म्हणतात. तिने फोड केली होती : जिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जोडून एकत्र करणे. मराठीत प्रकाश आणि संश्लेषण, संश्लेषण म्हणजे पुन्हा तेच, एकत्र जोडणे. फोटोसिंथेसिसची फोड शब्दकोशात पाहिली तर फोटो म्हणजे ग्रीक भाषेत प्रकाश आणि सिंथेसिस म्हणजे एकत्र करणे! "सर, तिन्ही शब्द एकच आहेत," ती म्हणाली. तीन भाषांतले तीन अवघड शब्द तिने पाठ केले होते, आणि आता पाठ करायला काही उरलेच नव्हते.

या सूचीमुळे आणखी एक गोष्ट झाली, जी मी योजली नव्हती. उर्दू प्रतिशब्द मिळेनात तेव्हा मुली आयांना विचारू लागल्या. या आया स्वतः उर्दू माध्यमातून सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या. मुलीचे मराठी पुस्तक त्यांना परके होते आणि 'मला यातले काही कळत नाही' म्हणून त्या अभ्यासापासून दूर राहत. आता मुलगी विचारते, "अम्मी, हजम म्हणजे घनफळच ना?" आणि अम्मी पोळी लाटता लाटता सांगते. मुलीच्या अभ्यासात आईला काही विचारण्यासारखे आहे, हे घरात प्रथमच घडत होते.

हे सगळे ऐकून तुम्हाला वाटेल की मास्तर गुणगान करायला आले आहेत. आता फजिती ऐका.

दुसऱ्या वर्षी मी उत्साहाच्या भरात जाहीर केले की जो सर्वांत जास्त पाने लिहील त्याला बक्षीस. महिन्यात पाने दुपटीने वाढली. भाषाही एकदम सुधारली. इतकी सुधारली की मला संशय आला. तपासले तर निम्मी पाने गाइडमधून जशीच्या तशी उतरलेली. मुलांना रागावण्यात अर्थ नव्हता. मी पाने मोजली, त्यांनी पाने भरली. बक्षीस बंद केले.

अशीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर २०११ साली पुण्यात घडली होती. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने तेथील काही महाविद्यालयांत असा उपक्रम केला की विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत. शेकडो विद्यार्थी कामाला लागले. पण पुष्कळांनी पाठ्यपुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारेच आणून चिकटवले. दुसऱ्याचा मजकूर चिकटवणे हा तेथे कायद्याचा भंग ठरतो. जगभरातले स्वयंसेवक ते उतारे शोधून काढून टाकण्यात थकून गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो प्रयोग थांबवावा लागला. ही मुले अप्रामाणिक होती असे मी मानीत नाही. बालवाडीपासून त्यांना काय शिकवले गेले? फळ्यावरचे वहीत उतरव, वहीतले पेपरात उतरव. त्यांनी तेच केले. फरक एवढाच की यावेळी ते साऱ्या जगाला दिसले.

म्हणून आमच्या वहीत आम्ही एक नियम केला : प्रत्येक विधानापुढे 'हे तुला कोणी सांगितले?' याचे उत्तर हवे. पुस्तक असेल तर नाव आणि पान, माणूस असेल तर कोण, स्वतः पाहिले असेल तर कधी आणि कोठे. मुलांना हे जाचक वाटले. तेव्हा मी त्यांना सनद या शब्दाची आठवण दिली. मराठीत आपण सनद म्हणतो ते अधिकारपत्राला. हदीसच्या अभ्यासात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी : याने त्याच्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून. आपल्या विद्वानांनी साखळीतील प्रत्येक कडी तपासली. हा माणूस सचोटीचा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला तो भेटला तरी होता का? ही शिस्त ज्यांच्या घरात वाढली त्यांच्या मुलांना 'इंटरनेटवर होते' एवढे उत्तर पुरावे हे मला पटत नाही.

गेल्या काही वर्षांत या नियमाची गरज दसपट वाढली आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. पूर्वी गाइड उतरायला तासभर तरी लागे; आता तेवढेही कष्ट नाहीत. एका मुलीने खारफुटीवर असा एक सुरेख उतारा आणला. खाली पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पानाचा आकडा, सगळे व्यवस्थित. नियमाप्रमाणे दुसऱ्या गटाने ते पुस्तक शोधायला घेतले. शाळेच्या ग्रंथालयात नाही, तालुक्याच्या वाचनालयात नाही, कोणत्याही सूचीत नाही. असे पुस्तकच नव्हते. यंत्राने ते रचले होते. मुलगी रडवेली झाली, पण त्या दिवशी साऱ्या वर्गाला सनदीचा अर्थ जेवढा कळला तेवढा माझ्या भाषणाने कळला नसता. यंत्राला मी वर्गाबाहेर काढले नाही. त्याने दिलेले उत्तर पानावर आणा, पण प्रत्येक वाक्याची साखळी तुम्ही शोधा, असे सांगितले. दोन-तीन वेळा शोधल्यावर बहुतेकांनी स्वतःच लिहिणे पसंत केले, कारण ते कमी कष्टाचे निघाले.

आता प्रश्नपेढी. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'पीअरवाइज' नावाची सोय केली. तेथे प्रश्न विद्यार्थीच काढतात, चार-पाच पर्याय देतात, बरोबर उत्तराचे स्पष्टीकरण लिहितात. बाकीचे विद्यार्थी तो सोडवतात आणि प्रश्न कसा आहे यावर मतही देतात. आम्ही आमच्या वहीत त्याची साधी नक्कल केली. गंमत अशी की बरोबर उत्तर लिहिणे सोपे असते, चांगले चूक उत्तर लिहिणे अवघड. आपल्या मित्राची नेमकी कोठे गल्लत होते हे ठाऊक असल्याशिवाय ते सुचत नाही. चंद्राच्या कला कशामुळे होतात, या प्रश्नाला एका मुलाने 'चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्यामुळे' हा पर्याय दिला आणि बरेच जण त्यात सापडले. सावली पडते ती ग्रहणात. कला दिसतात त्या चंद्राचा उजळलेला भाग आपल्याला वेगवेगळ्या कोनांतून दिसतो म्हणून. ही गल्लत वर्गात एवढी पसरलेली आहे हे मला त्या दिवशी कळले. मी धडा पुन्हा शिकवला.

पालकांच्या शंकांकडे येतो. पहिली शंका गुणांची. यात वेळ गेला तर बोर्डाच्या परीक्षेचे काय? मी आकडे देणार नाही, कारण गुण वाढण्याची कारणे अनेक असतात आणि श्रेय घ्यायला सगळेच पुढे येतात. एवढेच सांगतो की धडा लिहिण्यासाठी तो तीनदा वाचावा लागतो आणि पुस्तकात पाहून उतरण्यासाठी एकदाही नाही. आठवड्यातले दोन तास आम्ही यासाठी ठेवले, अधिक नाही. दहावीच्या वर्षात दिवाळीनंतर मी हे काम बंद ठेवीत असे.

दुसरी शंका : मुलांनी लिहिलेल्यात चुका असणार, त्या वाचून दुसरी मुले बिघडतील. चुका असतात. २००५ साली 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने विकिपीडियाचे आणि ब्रिटानिका विश्वकोशाचे विज्ञानावरचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा एका लेखात सरासरी विकिपीडियाच्या सुमारे चार आणि ब्रिटानिकाच्या सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीवरच आक्षेप घेतला, ते राहो. चुका विद्वानांच्याही असतात. मुलांच्या वहीतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, आणि छापील गाइडमधली पुढच्या आवृत्तीपर्यंत मुकाट्याने पाठ केली जाते. मात्र शिक्षकाने रोज ती वही उघडलीच पाहिजे. ज्या शिक्षकाला तेवढा वेळ नाही त्याने हे सुरू करू नये, हे मी येथे बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना स्पष्ट सांगतो.

तिसरी शंका आया हळू आवाजात विचारतात, आणि ती मला सर्वांत रास्त वाटते. मुलीचे नाव, फोटो इंटरनेटवर जाणार का? नाही. आमच्या वहीत नाव आतल्या बाजूला राहते, बाहेर चढवलेल्या पानावर फक्त इयत्ता आणि गटाचा क्रमांक. फोटो मुलांचे नाहीत. खारफुटीचे, खेकड्यांचे, धक्क्याच्या पायऱ्यांचे आहेत. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यातही १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची अट आहे. तेव्हा शाळेने तुमच्याकडे संमतीपत्र मागितले तर न वाचता सही करू नका, आणि मागितलेच नाही तर का मागितले नाही ते विचारा.

नुसत्या भीतीने दार बंद करू नका, एवढी मात्र विनंती. सुरुवातीला ज्या गृहस्थांबद्दल सांगितले ते परत गेल्यावर त्यांच्या मुलीने त्यांना शाळेच्या संकेतस्थळाचा पत्ता पाठवला. काही दिवसांनी त्यांचा मला फोन आला. शब्दसूचीतला एक शब्द त्यांना खटकला होता. ते तेथे वातानुकूलनाच्या यंत्रांचे काम करतात. 'दाब' या शब्दाखाली मुलींनी दिलेले उदाहरण त्यांच्या मते अपुरे होते आणि त्यांच्या रोजच्या कामातले एक चांगले उदाहरण त्यांच्याजवळ होते. नववीत शाळा सोडलेला माणूस. मी म्हणालो, "मला कशाला सांगता? मुलीला सांगा, ती लिहील. खाली लिहायचे : अब्बांनी सांगितले, कामावर पाहिलेले." ते उदाहरण आज तेथे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या संस्थेच्या संगणक कक्षात आपल्या वहीची एक प्रत बसवून देण्याचे मी मुख्याध्यापकांना कबूल केले आहे. मराठी विकिपीडियाचा इंटरनेटशिवाय वाचता येणारा संचही, किविक्स नावाच्या मोफत सोयीने, त्याच यंत्रावर ठेवू. वही कोरी देणार नाही. भरतीचे पान त्यात असेल, पण ते अर्धे आहे. आमच्या मुलांनी मोजले ते धक्क्यावर, खाडीच्या तोंडाशी. तुमचा पूल खाडीत बराच आत आहे आणि तेथे पाणी उशिरा चढते, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. किती उशिरा, ते कोणी मोजलेले नाही. ती जागा पानावर मोकळी ठेवली आहे. पुढच्या अमावास्येला उधाण आहे. पुलाच्या दुसऱ्या खांबावर रंगाची खूण करायला नववीतली दोन मुले मला पाहिजेत, आणि घड्याळ धरायला एक.